मंगळवारच्या एकशे एकतीस साइट्स

३ मार्च, मंगळवार

एकशे एकतीस! सगळ्याच्या सगळ्या, आणि घड्याळात अजून पावणेनऊ वाजायचे होते!

सहाला घरातून निघाले. खाली चष्म्याच्या दुकानाचं शटर बंद, जिन्यात चिटपाखरू नाही, वर आमच्या ऑफिसच्या दोन खोल्या. खिडकी उघडली, चहाचं पाणी ठेवलं आणि बसले. नेहमीसारख्या आधी दहा लहान साइट्स अपडेट केल्या, प्रत्येक उघडून पाहिली, बटणं दाबून पाहिली. दहाही धडधाकट. मग बाकीच्या धडाधड. फक्त गायनमंडळाची साइट रुसली, पण तिला मी ओळखते. दुसऱ्यांदा लाडीगोडी लावली की ऐकते.

लोकांना वाटतं, साइट एकदा बनवली की झालं, भिंतीला खिळा ठोकून फोटो लावला तशी. अरे बाबांनो, ती ज्या सॉफ्टवेअरवर उभी असते त्यात दर आठवड्याला कुठे ना कुठे भोक सापडतं! बनवणारे ते बुजवतात, नवं अपडेट काढतात, आणि वर जाहीरही करतात की अमुक जागी भोक होतं. म्हणजे चोरांनाही पत्ता मिळाला. मग त्यांची आणि आमची शर्यत. ज्याने वेळेवर अपडेट केलं तो वाचला, ज्याने 'बघू उद्या' म्हटलं तो गेला.

ही शर्यत मी सहा वर्षं हरलेली नाही. एकदासुद्धा नाही. दातांच्या डॉक्टरीणबाई, गायनमंडळ, वाचनालय, तीन शाळा, पोहण्याचा तलाव, कुत्र्यांचे केस कापणारा तो उंच माणूस, कुणाच्याही साइटवर परकं पाऊल पडलेलं नाही. हे मी कुणाला सांगत फिरत नाही. (इथे तरी खरं लिहावं — सांगते. संधी मिळेल तिथे सांगते.)

मालक दहाला आले, ओल्या केसांनी. 'झालं, बाई?' — 'कधीच!' माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत, पण धंदा त्यांच्या वडिलांचा, म्हणून मालक. माझ्यामागे मला 'मंगळवारबाई' म्हणतात. मला ठाऊक आहे, आणि मला आवडतं.

४ मार्च, बुधवार

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन. कालच्या अपडेटनंतर त्यांच्या साइटवरच्या चित्रातली दाढ हसायची थांबली! दाढ पुन्हा हसवली. 'बाई, तुम्ही आहात म्हणून,' म्हणाल्या. आहेच मुळी!

६ मार्च, शुक्रवार

मोठी बातमी आणि मोठा मनस्ताप, दोन्ही एकाच चहात.

मालकांनी खुर्ची ओढली, तेव्हाच ओळखलं की काहीतरी शिजतंय. रक्तपेढी आपली साइट आमच्याकडे सोपवायचा विचार करतेय! साधी साइट नाही ती. सगळ्या रक्तदात्यांची यादी — नाव, फोन, रक्तगट, कुणाला कुठला आजार होऊन गेला ते. हे कुणाच्या हाती लागलं तर माणसं रक्त द्यायला येणारच नाहीत, आणि मग ऑपरेशनच्या टेबलावरच्या माणसाने काय करायचं? म्हणून ते सहा महिने शोधताहेत की कुणावर विसंबावं. आणि कुणीतरी आमचं नाव सांगितलं. अंगावर मूठभर मांस चढलं!

मग मालक हळूच म्हणाले, 'एवढं काम तुम्हा एकटीला झेपायचं नाही, बाई. तिला परत बोलवूया का?'

'तिला' म्हणजे गोगलगायीला. हे नाव मीच ठेवलेलं. सहा वर्षांपूर्वी आम्ही दोघी होतो इथे, ती पलीकडच्या टेबलावर. हुशार, नाही कशाला म्हणू. पण प्रत्येक गोष्ट दहादा तपासणार. अपडेट आलं की आधी टेस्ट साइटवर लावून बघायचं — म्हणजे खऱ्या साइटची हुबेहूब जुळी, जुन्या सर्व्हरवर ठेवलेली, लोकांना न दिसणारी. तिथे काही मोडत नाही ना हे पाहायचं, मग खऱ्यावर. तत्त्व बरोबर आहे. पण एकदा तिने बघता बघता दोन दिवस लावले, आणि त्या दोन दिवसांत खेळण्यांच्या दुकानाच्या साइटवर चोर शिरले. बाहुल्यांच्या जागी नको नको ती चित्रं! शनिवारी सकाळी एका आईने लेकीला बाहुली दाखवायला साइट उघडली, आणि तिथून फोनवर फोन. दुकानदार रडायचा बाकी राहिला होता.

मी मालकांना सरळ सांगितलं होतं, 'एक तर ती, नाही तर मी.' महिनाअखेरीला ती डबा, शाल आणि चष्म्याची पेटी उचलून गेली. त्या दिवसापासून अपडेट आलं की त्याच दिवशी, हा माझा नियम. टेस्ट साइट्सच्या वाटेला मी गेलेच नाही. दहा लहान साइट्स आधी, मग बाकीच्या, आणि त्या दहा माझ्या नजरेखाली. सहा वर्षं चाललंय की नाही?

आज मालकांना म्हणाले, 'जिच्या हातून एकदा निसटलं तिच्या हाती रक्तपेढी देणार?' ते म्हणाले, 'बघू.' हा त्यांचा 'बघू' मला मुळीच आवडत नाही.

१० मार्च, मंगळवार

एकशे एकतीस. आठ पस्तीस! गायनमंडळाचे गुरुजी फोनवर — 'सारखं काय बदलता? चाललंय ना बरं?' मी म्हटलं, 'गुरुजी, तुम्ही रोज पहाटे सराव का करता? गाता येतंय ना बरं?' हसत सुटले. फोन ठेवताना म्हणाले, 'बदला बाई, काय बदलायचं ते.'

१३ मार्च, शुक्रवार

गोगलगायीचा विषय मालकांनी काढला नाही. मीही नाही.

१९ मार्च, गुरुवार

काय दिवस!

नणंदेने नवं घर घेतलंय, आज आम्हाला जेवायला बोलावलं होतं. मी सुट्टी टाकली होती, नवी साडी नेसले होते. आमचे हे दारातच म्हणाले, 'आज तरी तो लॅपटॉप घरी ठेव.' मी म्हटलं, 'राहू द्या पिशवीत, खातो का तो काही?' बरं झालं आणला!

अकरा वाजून वीस मिनिटांनी फोनवर सूचना आली. साइटवरून निरोप पाठवायचा जो फॉर्म असतो — नाव लिहा, नंबर लिहा, पाठवा — तो चालवणाऱ्या प्लगइनमध्ये, म्हणजे साइटला जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये, भोक. साधंसुधं नाही, मोठं भगदाड! कुणीही परका सरळ आत शिरून मालक होऊन बसावा असं. अपडेट दहा मिनिटांपूर्वी निघालेलं. आणि तो फॉर्म आमच्या एकशे चौदा साइट्सवर!

नणंद स्वयंपाकघर दाखवत होती. मी म्हटलं, 'वन्सं, तुमच्याकडे इंटरनेट कुठे चांगलं येतं?' ती म्हणाली, 'बाथरूमच्या बाहेर, वॉशिंग मशीनपाशी.' मग काय! मशीनवर लॅपटॉप, मी उभी, पदर खोचलेला. बोटं थांबली नाहीत. आधीच्या दहा — पाहिल्या, ठीक. मग एकेक. तीनदा नेट गेलं. एकदा नणंदेच्या नवऱ्याने मशीन सुरू केलं आणि लॅपटॉप थडथड नाचायला लागला. 'अहो, बंद करा ते!' असं मी ओरडले म्हणे. पाहुणी म्हणून गेलेली बाई यजमानावर ओरडते, काय म्हणाले असतील!

बारा चाळीसला संपलं. एकशे चौदा.

ताटं थंड झाली होती. नणंद म्हणाली, 'वहिनी, तुमच्या साइट्सनाही आणायचं होतं जेवायला, पंगतच बसवली असती.' आमच्या ह्यांनी माझ्या ताटात गरम वाढलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते बस चालवायचे तेव्हा घाट उतरल्यावर आरशात पाहायचे. सगळे ठीक आहेत ना, तसं. पाणी प्यायले.

२० मार्च, शुक्रवार

सकाळी कळलं. आमच्यासारख्याच साइट्स सांभाळणाऱ्या गावातल्या दुसऱ्या एका होस्टिंगवाल्याच्या साठ साइट्स काल दुपारी गेल्या. साठ! त्यांनी अपडेट 'सोमवारी करू' म्हणून ठेवलं होतं. एका क्लासच्या साइटवरून मुलांच्या पालकांचे नंबर उचलले. मालक माझ्या टेबलाशी येऊन उभेच राहिले. 'बाई, आपलं...?' — 'एकही नाही.' त्यांनी चक्क हात जोडले. मी म्हटलं, 'हात कसले जोडता, चहा सांगा.'

चष्मेवाले वर येऊन म्हणाले, 'बाई, सगळ्या गल्लीत तुमचं नाव झालंय.' गल्लीत चार दुकानं. पण तरी!

२४ मार्च, मंगळवार

एकशे एकतीस. आज गायनमंडळही रुसलं नाही.

२७ मार्च, शुक्रवार

रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाई स्वतः आल्या! बारीक चणीच्या, केस पांढरे, आवाज असा की समोरचा आपोआप सरळ बसतो. त्या गुरुवारचं त्यांच्या कानावर गेलं होतं. तासभर प्रश्न विचारले. बॅकअप कुठे, पासवर्ड कुणाकडे, कोण रजेवर गेलं तर काय. मी एकेकाला उत्तर दिलं. एकदाही मालकांकडे पाहावं लागलं नाही.

शेवटी त्यांनी पिशवीतून पत्र काढलं. वाचून दाखवलं, सावकाश, एकेका शब्दावर थांबत — 'गेल्या सहा वर्षांत आमच्या देखरेखीखालच्या कोणत्याही सर्व्हरवर परवानगी नसलेली एकही व्यक्ती शिरलेली नाही.' खाली सहीची रेघ. 'ही सही मालकांची नको,' त्या म्हणाल्या, 'जी हे काम करते तिची हवी. उद्या कुणा रक्तदात्याने मला विचारलं, तर मी तुमचं नाव सांगणार.'

मी सही केली. पूर्ण नाव, फराटे न मारता, शाळेत लिहायचे तसं. इतकी वर्षं पगाराच्या कागदावर सह्या केल्या, पण आजची सही वेगळी होती. जिन्यापर्यंत त्यांना सोडायला गेले. म्हणाल्या, 'पंधरा एप्रिलपासून यादी तुमच्या ताब्यात.'

संध्याकाळी यांना सांगितलं. 'म्हणजे आता तुझ्या भरवशावर लोक रक्त देणार?' असं म्हणाले आणि टीव्ही बंद केला. मॅच चालू असताना! यापेक्षा मोठा सन्मान आमच्या घरात नाही.

१ एप्रिल, बुधवार

मालकांनी मला न विचारता तिला बोलावलं! दुपारी जिन्यावर पावलं वाजली, मान वर केली तर दारात गोगलगाय. केस जरा पिकलेत. शाल तीच.

'ताई, बऱ्या आहात?'

'मला काय धाड भरलीय!'

तिघंही बसलो. मालक म्हणाले, 'बाई, तुम्हीच विचारा काय विचारायचं ते.' मग मी विचारलं. सोडलं नाही. 'नवं अपडेट आलं तर काय करशील?' — 'आधी टेस्ट साइटवर बघेन, मग खऱ्यावर.' — 'आणि दोन दिवस घालवशील?' तिचा चेहरा उतरला. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. 'नाही, ताई,' ती म्हणाली, 'आता तेवढा वेळ लागत नाही.' इतकी वर्षं काय करतेस विचारलं, तर एका नर्सरीत रोपांच्या ऑर्डरी घेते. म्हणे काम बरं आहे, सुटसुटीत आहे.

मी मालकांना डोळ्यांनीच म्हटलं — बघा, रोपं!

उठता उठता तिने विचारलं, 'ताई, त्या जुन्या टेस्ट साइट्स... अजून आहेत का?'

'कधीच काढून टाकल्या,' मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग 'बरं' म्हणाली आणि गेली.

तोंडातून पटकन गेलं ते. खरं तर मला आठवत नाही मी त्या काढल्या की नाही. पण तिच्यापुढे 'आठवत नाही' कसं म्हणणार? उद्या सकाळी बघते. काढल्या असणारच.

२ एप्रिल, गुरुवार

आहेत.

जुना सर्व्हर आम्ही फक्त जुन्या मेल ठेवायला चालू ठेवलाय, त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. आज उघडला. एका कोपऱ्यात चौऱ्याहत्तर टेस्ट साइट्स, ओळीने, तिने ठेवल्या तशा. दातांच्या डॉक्टरीणबाईंची, वाचनालयाची, तिन्ही शाळांची.

तोंडचं पाणी पळालं. लिहूनच काढते म्हणजे डोकं शांत होईल. या साइट्स खऱ्यांच्या जुळ्या. म्हणजे त्यांच्यात खऱ्या याद्या आहेत — तेव्हाचे पेशंट, तेव्हाची मुलं, तेव्हाचे पत्ते. आणि सहा वर्षं त्यांना मी हात लावलेला नाही. एक अपडेट नाही! दर मंगळवारी मी पुढच्या दाराला नवं कुलूप लावत होते आणि मागचं दार सताड उघडं होतं. पत्ता लोकांना माहीत नसतो हे खरं, पण चोर पत्ता विचारत नाहीत, सगळी दारं ढकलत फिरतात. हे मीच लोकांना सांगत असते!

आणि मी सही करून बसलेय.

चौऱ्याहत्तर नावांपुढे चौकोन. सगळ्यांवर खूण केली. खाली लाल बटण — काढून टाका. एकदा दाबलं की संपलं. कुणाला कळणार नाही, मालकांना नाही, रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाईंना नाही. गोगलगायीला सांगितलेलंही खरं ठरेल! बोट बटणावर होतं. किती वेळ, सांगता येणार नाही. चहा पार निवला.

दाबलं नाही. मी काही साधू नाही. पण जर कुणी आत शिरलं असेल, तर त्याच्या पावलांचे ठसेही त्याबरोबर जातील. मग त्या पेशंटांना, त्या मुलांच्या आईबापांना कधी कळणारच नाही की आपलं नाव-गाव कुणाकडे गेलं. खुणा काढल्या, खिडकी बंद केली, घरी आले.

आत काय झालंय ते बघायची मात्र हिंमत झाली नाही.

४ एप्रिल, शनिवार

यांना सांगितलं. भाजी निवडत होतो दोघं. सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, 'अगं, तू सांगणारच आहेस. कधी सांगायचं तेवढंच ठरवतेयस.'

'आणि रक्तपेढी गेली तर?'

'तर जाईल.'

'आणि माझी सहा वर्षं?'

त्यांनी निवडलेली भाजी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, 'पस्तीस वर्षं बस चालवली. एकदा धडकलीच ना? आधी प्रवासी उतरवले, मग डेपोत फोन केला. फोन करताना पाय लटपटत होते, पण केला.' मला ती धडक माहीत होती. पाय लटपटल्याचं त्यांनी आज पहिल्यांदा सांगितलं.

६ एप्रिल, सोमवार

मालकांना सांगितलं. दार लावून. चेहरा पांढराफटक पडला त्यांचा.

'डिलीट करून टाका ना, बाई! कुणाला कळणार आहे?'

'मला कळलंय.'

ते खुर्चीत बसले, उठले, खिडकीशी गेले, परत बसले. म्हणाले, 'तुम्हाला माहीत होतं तरी कशा विसरलात?' खरं सांगायचं तर मी विसरले नव्हते, मी त्यांच्याकडे पाहणंच सोडलं होतं. ते तिचं काम होतं, आणि तिचं काही मला नको होतं. हे मी मालकांना नाही सांगितलं. इथे लिहिते.

ठरलं असं की उद्या नेहमीचं काम आटोपलं की मी एकेक टेस्ट साइट उघडून पाहायची. जे असेल ते बुधवारी रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाईंना कळवायचं, मी स्वतः. मालक म्हणाले, 'मी येऊ बरोबर?' बरं वाटलं. नको म्हटलं.

७ एप्रिल, मंगळवार

विश्वास बसत नाही! आधी नीट, क्रमाने लिहिते.

एकशे एकतीस — आठ पन्नास. मग मालकांना शेजारी बसवलं आणि जुना सर्व्हर उघडला. पहिली दातांच्या डॉक्टरीणबाईंची. मी डोळे किलकिले करून बघत होते, जसं आपण काचेवर पाय पडलेला बघतो. काय दिसावं? सगळं अपडेट! थेट गेल्या आठवड्यापर्यंत! मला वाटलं चुकून खरी साइट उघडली. बंद केली, पुन्हा उघडली. टेस्टचीच. मग वाचनालय — अपडेट. शाळा एक, दोन, तीन — अपडेट. तो भगदाडवाला फॉर्मसुद्धा नवा! चौऱ्याहत्तरच्या चौऱ्याहत्तर. कुठे काही फुटलेलं नाही, घुसवलेलं नाही, एक फाइल इकडची तिकडे नाही.

आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला — मीच! अपडेट आपोआप व्हावं अशी सोय असते. सहा वर्षांपूर्वी, ती गेली त्या गडबडीत, मीच ती चालू करून ठेवली असणार आणि विसरून गेले असणार! दुसरं कोण करणार? इथे आहे कोण दुसरं?

मालक उडालेच. 'बाई, म्हणजे तुम्ही विसरलात तेव्हाही तुमचं काम चालू होतं!' खालून चष्मेवाल्यांना बोलावून आणलं, त्यांना काही कळलं नाही पण त्यांनीही माझं अभिनंदन केलं. पत्र खरं! सही खरी! आमच्या ह्यांना फोन केला, तर म्हणाले, 'आणि मी उगाच माझ्या धडकेचं सांगून बसलो.' कितीतरी दिवसांनी पोटभर हसले.

फक्त एक गोष्ट. आपोआप होणारं काम ठरल्या मिनिटाला होतं. या अपडेटच्या वेळा वेगवेगळ्या दिसताहेत, कधी सहा चाळीस, कधी सव्वासात. डॉक्टरीणबाईंना बुधवारी सगळं कळवायचं ठरलंच आहे, तेव्हा तेवढं पाहून घेते. जुन्या सर्व्हरवर कोण कधी आलं याची नोंद असते. उद्या सकाळी.

८ एप्रिल, बुधवार

आपोआप वगैरे काही नव्हतं. नोंदीत एकच खातं आहे — गोगलगायीचं जुनं. ती गेली तेव्हा ते बंद करणं माझं काम होतं; राहून गेलं. सहा वर्षं, दर मंगळवारी संध्याकाळी, रोपांच्या ऑर्डरी आटोपून, ती त्या खात्यातून अपडेट करत आलीय. पित्ताशयाच्या ऑपरेशनला माझे दोन मंगळवार चुकले. तिचा एकही नाही. १९ मार्चला मी बारा चाळीसला संपवलं. तिने बारा दहाला.

गेल्या बुधवारी मी 'काढून टाकल्या' म्हणाले. आदल्याच संध्याकाळी तिने त्या अपडेट केल्या होत्या.

फोन लावला. का केलंस म्हणून विचारलं. 'ताई, खेळण्यांचं दुकान माझ्या हातून गेलं होतं ना,' एवढंच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंकडून पत्र परत मागवलं. नवं लिहिलं — 'गेल्या सहा वर्षांत आमच्या सर्व्हरवर परवानगी नसलेली एक व्यक्ती येत होती. तिचं काम माझ्यापेक्षा चोख आहे. तिने होकार दिला, तर तुमची यादी ती सांभाळेल आणि मी तिच्या हाताखाली असेन.' खाली पूर्ण नाव, फराटे न मारता.

मालकांनी दोनदा वाचलं. 'बाई, हे पाठवायचं?'

'पाठवलं.'